बियर्डेड ड्रॅगन दोन दिवस खातो आणि पुन्हा तोंड फिरवतो: आधी पेटी तपासा, मग खाणं

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. नवा बियर्डेड ड्रॅगन, म्हणजे पाळला जाणारा एक सरडा, घरी आणला, पहिले काही दिवस तो गप्प बसला, मग एके दिवशी किड्यांवर तुटून पडला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पण दोन दिवसांत त्यानं पुन्हा तोंड फिरवलं. किड्यांचा प्रकार बदलला तर पुन्हा थोडं खाल्लं, पुन्हा बंद. मधल्या वेळात एकतर काचेवर नखं घासत वर चढायची धडपड, नाहीतर कोपऱ्यात काळवंडून पडून राहणं.

अशा वेळी खाण्याचे प्रयोग करत बसणं हा सगळ्यात लांबचा रस्ता. सरडा माणसासारखी शरीरात ऊब तयार करत नाही. अन्न पचवायला लागणारी उष्णता त्याला बाहेरून, म्हणजे तुम्ही उभारलेल्या पेटीतूनच मिळते. ती कमी पडली की पोटातलं अन्न तसंच पडून राहतं आणि भूक मरते. दोन दिवस खाऊन थांबण्यामागे फार वेळा एवढंच असतं: पोट भरलं, पचलं नाही, थांबला. नवा किडा दिसला की शिकारीची सवय जागी होते आणि तो एखाददुसरा उचलतो. आपल्याला वाटतं, जुने किडे त्याला आवडत नव्हते.

एक सवलत मात्र द्यायला हवी. घर बदललेला प्राणी पहिला आठवडाभर, कधी दोन आठवडेही कमी खातो आणि त्यात पेटीचा दोष असेलच असं नाही. या काळात त्याला हातात घेऊ नका, पाहुण्यांना दाखवू नका, पेटीतली मांडणी रोज बदलू नका. खाणं ठेवायचं, उरलेलं काढायचं, पाणी बदलायचं, बस. प्रौढ ड्रॅगन काही दिवस न खाता सहज काढतो. पिल्लाचं तसं नाही. तळहातावर मावणाऱ्या पिल्लानं सलग दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर वाट न पाहता पुढचं सगळं तपासा आणि पशुवैद्यांना फोन करून ठेवा.

पहिला संशयित: उष्णता

पेटीच्या भिंतीला चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर काढून टाका. तो त्या भिंतीजवळच्या हवेचा अंदाज सांगतो, आणि तोही बऱ्याचदा चुकीचा. ड्रॅगन बसतो तो दगडावर किंवा फांदीवर, दिव्याच्या बरोबर खाली. त्या पृष्ठभागाचं तापमान मोजायचं असतं. त्यासाठी रोखून बटण दाबायचं इन्फ्रारेड थर्मामीटर लागतं. हवेसाठी वायरच्या टोकाला प्रोब, म्हणजे तापमान टिपणारं टोक, असलेली दोन डिजिटल थर्मामीटर घ्या, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला. बल्बवर, पेटीवर, सजावटीवर लोक भरपूर खर्च करतात आणि मोजमापावर हात आखडतात. माझ्या मते क्रम उलटा हवा.

दिवे लावून दोन तास जाऊ द्या आणि मग मोजा. ऊब घेण्याच्या जागेचा पृष्ठभाग साधारण 38 ते 42 अंश सेल्सियस हवा, पिल्लांसाठी वरच्या टोकाकडे. थंड बाजूची हवा 24 ते 28. रात्री दिवे बंद झाल्यावर तापमान 20 च्या आसपास आलं तरी चालतं. ते 18 च्या खाली जाऊ लागलं तरच रात्रीच्या उबेची सोय करायची.

आता आकडे वाचायचे कसे ते पाहू.

गरम जागा 32-33 अंशांवर अडकली असेल तर तुमचं उत्तर सापडलं. बल्बची वॉट क्षमता वाढवा किंवा बसायची जागा दिव्याच्या थोडी जवळ आणा. दगड किंवा फांदी दोन-तीन सेंटिमीटर उचलली तरी आकडा बदलतो, म्हणून हे हळूहळू करा आणि प्रत्येक वेळी तासाभरानं मोजा.

गरम जागा बरोबर आहे पण थंड बाजूही 32 दाखवते आहे, ही अवस्था जास्त फसवी. प्राण्याला तापलेलं अंग थंड करायला जागाच उरत नाही. मग तो थंड बाजूच्या काचेला चिकटून राहतो, तिथेही तोंड उघडं ठेवतो आणि काच खरवडतो. लहान पेटीत हे हमखास होतं, कारण दोन टोकं इतकी जवळ असतात की फरक टिकत नाही. प्रौढ बियर्डेड ड्रॅगन शेपटीसकट 45 ते 60 सेंटिमीटर भरतो. त्याच्यासाठी 120 सेंटिमीटर लांब, 60 रुंद आणि 60 उंच पेटी ही आज कमीत कमी समजली जाते. पिल्लू मोठ्या पेटीत घाबरतं असं सांगून छोटी पेटी गळ्यात मारली जाते. मोठ्या पेटीत लपायच्या जागा दिल्या आणि खाणं ठरलेल्या ठिकाणी दिलं तर पिल्लं मजेत राहतात, शिवाय काही महिन्यांत दुसरी पेटी घ्यावी लागत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे आकडा बरोबर, पण ऊब मिळते ती वाटीएवढ्या वर्तुळात. अरुंद झोताचा बल्ब पाठीचा एक तुकडा तापवतो, डोकं आणि कंबर गारच राहतात. इन्फ्रारेड थर्मामीटर त्या जागेच्या मधोमध रोखला तर 41 दाखवेल, चार बोटं बाजूला 30. म्हणून मोजताना ड्रॅगन जेवढी जागा व्यापतो तेवढ्या सगळ्या जागेवर फिरवून बघा. रुंद झोताचा पांढरा हॅलोजन फ्लड बल्ब इथे चांगला. एका बल्बनं भागत नसेल तर कमी वॉटचे दोन शेजारी शेजारी लावा.

एलईडी दिवा उजेड देतो, ऊब जवळजवळ नाही. लाल आणि निळे 'रात्रीचे' बल्ब घेऊच नका. ड्रॅगनला रंग नीट दिसतात, त्यामुळे त्याच्यासाठी ती रात्र नसतेच. रात्री ऊब हवीच असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर वापरा.

तापणारे दगड, म्हणजे आत तार असलेले हीट रॉक, पेटीत ठेवू नका. ड्रॅगनची शरीररचना वरून येणारा उजेड आणि ऊब ओळखणारी आहे. त्याच्या डोक्यावर मधोमध एक बारीक ठिपका असतो, तो उजेडाची जाणीव असलेला तिसरा डोळाच. ऊब आणि उजेड एकत्र वरून येतात हे त्याचं गणित. पोटाखालचा दगड बिघडून फार तापला तरी तो उठत नाही आणि पोट भाजतं. अशा जखमा भरायला महिने लागतात.

ऊब घेताना तोंड उघडं ठेवून बसणं ही तक्रार नाही. अंग पुरेसं तापलं की जादा उष्णता तो अशी सोडतो. सकाळी पाठ काळपट करून बसणंही नेहमीचं, कारण गडद रंग ऊब लवकर शोषतो. दिवसभर रंग गडदच राहिला किंवा दाढी सतत काळी राहिली तर मात्र काहीतरी बिनसलं आहे.

दुसरा संशयित: यूव्हीबी

यूव्हीबी म्हणजे सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांचा एक भाग, पेटीत तो खास ट्यूबमधून द्यावा लागतो. हा दोष सगळ्यात उशिरा लक्षात येतो, कारण डोळ्यांना तो दिसत नाही. यूव्हीबी ट्यूब जुनी झाली तरी उजेड तेवढाच पडतो, आतली यूव्हीबी मात्र उतरलेली असते. ती नसली की त्वचेत डी-3 जीवनसत्त्व तयार होत नाही, त्याशिवाय आतड्यातून कॅल्शियम शोषलं जात नाही, मग शरीर ते हाडांतून काढून घेऊ लागतं. भूक मंदावणं ही सुरुवात. पुढे बोटं थरथरतात, खालचा जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, पाठीला कुबड येतं. या हाडांच्या विकाराच्या पुढच्या टप्प्यात झालेला वाकडेपणा पुरता सरळ होत नाही.

कॅल्शियमची पावडर देतो ना, मग ट्यूब कशाला, असं विचारणारे बरेच भेटतात. पावडर पोटात जाते, पण डी-3 नसेल तर ती बहुतांशी तशीच बाहेर पडते. आणि त्वचेत यूव्हीबीनं जे तयार होतं त्याचं डी-3 मध्ये रूपांतर व्हायला शरीराची ऊब लागते. म्हणून ट्यूब आणि उबेचा बल्ब पेटीच्या एकाच बाजूला हवेत. ट्यूब एका टोकाला आणि बल्ब दुसऱ्या टोकाला अशी मांडणी दिसायला समतोल, पण ड्रॅगनला त्यातलं एकच काहीतरी निवडावं लागतं आणि तो बहुधा ऊब निवडतो.

तपासायचं ते असं:

ट्यूब सरळ लांब आहे की गोल पिळाची? गोल पिळाचे कॉम्पॅक्ट बल्ब एका छोट्या जागेवर मारा करतात आणि बाकी पेटीत यूव्हीबी पोचत नाही. ते फार जवळ लावले तर डोळे चुरचुरतात, ड्रॅगन दिवसा डोळे अर्धे मिटून बसतो. सरळ टी-5 प्रकारची (बारीक जाडीची), 10 ते 12 टक्के यूव्हीबीची ट्यूब, पेटीच्या अर्ध्या ते दोन तृतीयांश लांबीची, परावर्तक पत्र्यासकट, हा आज सर्वात भरवशाचा पर्याय आहे.

मध्ये काय आहे? साध्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही, ॲक्रिलिकमधूनही फारशी नाही. म्हणजे काचेच्या झाकणावर ठेवलेली महागडी ट्यूब फक्त शोभेची. बारीक जाळीसुद्धा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त खाते. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन याच कारणानं उपयोगाचं नाही, उलट काचेची पेटी उन्हात ठेवली तर काही मिनिटांत आत जीवघेणी उष्णता साठते.

अंतर किती? जाळीवर ठेवलेल्या टी-5 ट्यूबसाठी ड्रॅगनच्या पाठीपर्यंत साधारण 25 ते 30 सेंटिमीटर, मध्ये जाळी नसेल तर 35 ते 40. ट्यूबच्या खोक्यावर दिलेलं अंतर वेगळं असेल तर ते माना. यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांची तीव्रता, दाखवणारं मीटर कुणाकडून तासभर मिळालं तर सोन्याहून पिवळं: ऊब घेण्याच्या जागी 3 ते 5 च्या दरम्यान आकडा हवा, आणि सावलीत जायला जागा हवी जिथे तो शून्याकडे झुकेल.

ट्यूब लावल्याची तारीख तिच्या टोकावर मार्करनं लिहा. वर्षानं बदला, जळाली नसली तरी. आणि दिवे वरूनच लावा, बाजूनं नकोत. ड्रॅगनच्या भुवईचं हाड वरच्या उजेडापासून डोळ्यांना सावली देतं, समोरून आलेला झोत थेट डोळ्यांत जातो.

विजेची बाजू

यावर लोक फार बोलत नाहीत, पण घर सुरक्षित म्हणायचं तर इथे चालढकल करता येत नाही.

उबेच्या बल्बला सिरॅमिक होल्डरच हवा, प्लॅस्टिकचा वितळतो. चिमट्यानं अडकवलेला डोम, म्हणजे बल्बवरची घुमटासारखी टोपी, कधी ना कधी घसरतो. तो साखळीनं किंवा हुकावर टांगा म्हणजे चिमटा सुटला तरी दिवा गादीवर किंवा पडद्यावर पडणार नाही. बल्ब पेटीच्या आत असेल तर त्याभोवती जाळीचा पिंजरा हवा, कारण ड्रॅगन उडी मारून त्यावर चढतो आणि चिकटून भाजतो. सिरॅमिक हीटर उजेड देत नाही म्हणून तो बंद आहे असं समजून हात लावू नका.

थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून दिव्याची वीज आपोआप कमी-जास्त करणारं यंत्र, आवश्यक आहे, पण बल्बसाठी तो मंद-प्रखर करणारा डिमिंग प्रकारचा घ्या. चालू-बंद करणारा साधा थर्मोस्टॅट सिरॅमिक हीटरला ठीक, बल्बला लावला तर दिवसभर दिवा लुकलुकत राहतो, प्राणी बिथरतो आणि बल्बही लवकर जातो. सगळ्यात मोठा धोका प्रोबचा. ड्रॅगनच्या पायात अडकून प्रोब निसटला आणि थंड फरशीवर जाऊन पडला की थर्मोस्टॅटला वाटतं पेटी गार आहे, आणि तो बल्ब पूर्ण ताकदीनं पेटवत राहतो. प्रोब ऊब घेण्याच्या जागेजवळ पक्का बांधा आणि रोज सकाळी नजर टाकताना आधी प्रोब पाहा, मग ड्रॅगन. पेटीत चिकटपट्टी वापरू नका. सुटलेल्या पट्टीला कातडी चिकटते आणि सोडवताना सोलते.

दिवे टायमरवर टाका, 12 ते 14 तास चालू. रोज आठवणीनं लावणं आठवडाभर जमतं, पुढे नाही.

काचेवर धडपडणं

तापमान आणि यूव्हीबी दोन्ही जागेवर असूनही काच खरवडणं थांबत नसेल तर आधी त्याच्या नजरेच्या उंचीवर डोकं नेऊन पेटीत पाहा. काचेत दुसरा ड्रॅगन दिसतो का? स्वतःचं प्रतिबिंब हा त्याच्या लेखी घुसखोर असतो. मागची आणि दोन्ही बाजूंच्या काचा बाहेरून कागदानं झाका, फक्त समोरची मोकळी ठेवा. पुष्कळदा त्याच दिवशी फरक पडतो.

पेटी जमिनीवर असेल तर उचलून टेबलावर ठेवा. वरून येणारी सावली म्हणजे शिकारी पक्षी, ही भीती त्याच्या रक्तात आहे. मांजर किंवा कुत्रा समोर बसून टक लावत असेल, टीव्हीचा स्पीकर शेजारी असेल, तर जागा बदला. थंड बाजूला पूर्ण आत शिरता येईल अशी एक गुहा द्या आणि ऊब घेण्याच्या जागेपर्यंत जायला त्याच्या अंगाइतकी रुंद फांदी. पिल्लं चढण्यात पटाईत आणि पडण्यातही, म्हणून खाली टोकदार दगड नकोत.

आणि एका पेटीत एकच. दोन पिल्लं एकमेकांवर बसून ऊब घेतात ते 'गोड' दृश्य म्हणजे वरच्यानं खालच्याची यूव्हीबी आणि ऊब अडवलेली असते. खालचं पिल्लू कमी खातं, मागे पडतं, आणि एक दिवस त्याची बोटं किंवा शेपटीचं टोक गायब होतं. खाणं सोडलेला ड्रॅगन जोडीत राहत असेल तर वेगळा करणं हाच उपाय, बाकी काही तपासायच्या आधी.

तळाला काय घालावं

नव्या प्राण्याला पहिले दोन-तीन महिने वर्तमानपत्र, किचन पेपर किंवा खरबरीत फरशी. विष्ठा स्वच्छ दिसते, साफ करता येते, आणि पोटात जाण्यासारखं काही नसतं. कॅल्शियमची वाळू आणि अक्रोडाच्या टरफलांचा भुसा कधीच नको, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. निरोगी प्रौढाला माती-वाळूचं दाबलेलं मिश्रण देण्याला माझा विरोध नाही, पण तापमान सावरलेलं नसताना नाही: आतडं अडतं ते बहुधा थंड पोट, कमी पाणी आणि तोंडात गेलेली वाळू असं सगळं एकत्र आल्यावर.

आता खाणं

इथपर्यंत सगळं मोजून झालं असेल तरच ताटाकडे वळा.

वेळ पाहा. दिवे लागल्यावर तास-दीड तासानं पहिलं खाणं, दिवे मालवण्याच्या दोन तास आधी शेवटचं. रात्री कामावरून परतून उशिरा किडे देणाऱ्यांकडे ही दोन दिवसांची तक्रार हटकून असते, कारण ते अन्न रात्रभर गार पोटात बसून राहतं.

आकार पाहा. ड्रॅगनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा रुंद किडा नको. पिल्लांना दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटांत खातील तेवढे क्रिकेट (रातकिडे) किंवा डुबिया झुरळं. उरलेले क्रिकेट काढून घ्या, ते रात्री झोपलेल्या ड्रॅगनला चावतात. वय वाढेल तसे किडे कमी आणि पाला जास्त. प्रौढाला रोज पाला आणि आठवड्यातून दोन-तीनदा किडे पुरतात. पिल्लू असताना दिवसाला पन्नास किडे फस्त करणारा वर्षभरानं दहांवर थांबतो ते आजारपण नसतं.

चरबीच्या अळ्यांचं व्यसन हे स्वतंत्र प्रकरण. ड्रॅगन खात नाही म्हणून मालक वॅक्सवर्म, म्हणजे अशा चरबीच्या अळ्या, देतो, तो खातो, मग त्याला दुसरं काही नको असतं, की मालक पुन्हा वॅक्सवर्म देतो. प्रौढ, धष्टपुष्ट ड्रॅगन पाल्याला तोंड लावत नसेल तर अळ्या पूर्ण बंद करा, रोज सकाळी बारीक चिरलेला ताजा पाला ठेवा आणि किडे आठवड्यातून दोनदाच द्या. तो एक-दोन आठवडे रुसेल. वजन टिकून असेल तोवर रुसू द्या. पिल्लावर हा हट्ट करायचा नाही.

पाल्यात मोहरीचा पाला, डँडेलियन, कोलार्ड चालतात. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. ॲव्होकॅडो विषारी. काजवा तर एकच पोटात गेला तरी जीव जाऊ शकतो. बागेतून पकडलेले किडे कीटकनाशकाच्या भीतीनं टाळा. कॅल्शियमची पावडर किड्यांवर हलकी भुरभुरा. पिठात घोळवल्यासारखा पांढराफटक किडा बरेच ड्रॅगन एकदा चावून थुंकतात, आणि आपण म्हणतो भूक नाही.

पाण्याबद्दल एकच सांगतो. रोजची कोमट आंघोळ हा सगळ्यावरचा रामबाण उपाय म्हणून सांगितला जातो. मला तो पटत नाही. ओला, भेदरलेला ड्रॅगन पुन्हा तापायला तासभर घेतो आणि तेवढं पचन मागे पडतं. उथळ वाटी ठेवा, पाल्यावर पाण्याचे थेंब राहू द्या, नाकावर थेंब सोडलात तर तो चाटून घेतो. पेटीतली आर्द्रता 30 ते 40 टक्क्यांच्या आसपास ठेवा, धुकं सोडणारी यंत्रं नकोत.

सगळं नीट करूनही काही महिन्यांनी पुन्हा तेच

पेटी सावरली, ड्रॅगन मजेत खात होता, आणि ऋतू बदलल्यावर पुन्हा बंद. खोली पाच अंशांनी थंड झाली की तोच बल्ब त्याच उंचीवरून पाच-सहा अंश कमी देतो. उन्हाळ्यात उलटं: थंड बाजूच तापते. पंखा किंवा एसीचा झोत जाळीवर येऊ लागला तरी हेच होतं. म्हणून महिन्यातून एकदा आणि हवा बदलली की लगेच पुन्हा मोजा, आकडे वहीत लिहा.

प्रौढ, वर्षावरचे ड्रॅगन थंडीच्या दिवसांत काही आठवडे झोपाळतात, गुहेत शिरतात, खात नाहीत. याला ब्रुमेशन म्हणतात. यात वजन फारसं उतरत नाही, हीच खूण. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करा. दहा टक्के घट झाली तर ते ब्रुमेशन समजून स्वस्थ बसू नका.

कात टाकताना दोन-चार दिवस भूक कमी होते, कातडी राखाडी दिसते. ओढून काढू नका.

मादी असेल तर नराशिवायही अंडी धरते. पोट फुगीर, खाणं बंद, अस्वस्थपणे कोपरे उकरणं, हे दिसलं की 20-30 सेंटिमीटर खोल, ओलसर माती-वाळू भरलेला डबा द्या. उकरूनही अंडी घातली नाहीत आणि ती मलूल होऊ लागली तर त्याच दिवशी पशुवैद्य. अंडी अडकणं जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे नर आहे असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं, एवढ्यावर विसंबू नका. पिल्लांत ओळख पटणं अवघड असतं. शिवाय या प्राण्यात अंडी 32 अंशांच्या वर उबवली गेली तर गुणसूत्रांनी नर असलेली पिल्लंही मादी होऊन बाहेर येतात.

आणि परजीवी. कोकसिडिया आणि पिनवर्म हे पाळीव ड्रॅगनमध्ये नेहमी सापडतात. थोडे असतात तोवर बिघडत नाही, ताण आला की वाढतात. नवा प्राणी आणल्यावर पहिल्या महिन्यातच विष्ठेची तपासणी करून घ्या. सगळे आकडे बरोबर, वजन उतरतंय, विष्ठा पातळ आणि उग्र वासाची, असं असेल तर पेटीशी खेळणं थांबवा, उत्तर प्रयोगशाळेत आहे.

स्वच्छतेचा मुद्दा माणसांसाठी. निरोगी दिसणाऱ्या ड्रॅगनच्या विष्ठेतही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असू शकतो. हाताळल्यावर साबणानं हात धुवा, त्याची भांडी स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुऊ नका, वजनाच्या काट्यावर त्याच्यासाठी वेगळा डबा ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलांनी त्याला हाताळू नये.

थांबायचं नाही अशी लक्षणं

बोटं किंवा पाय थरथरणं, जबडा मऊ लागणं, मागचे पाय ओढत चालणं, थंड बाजूला बसूनही तोंड उघडं ठेवून श्वास घेणं किंवा नाकातोंडाशी फेस, खोल गेलेले डोळे, गुदद्वारातून बाहेर आलेला लाल भाग, शेपटीचं काळं पडून वाळत चाललेलं टोक. यातलं एकही दिसलं तर आधी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठा, पेटीचं नंतर बघता येईल.

जाताना ताजी विष्ठा बंद पिशवीत घ्या (लगेच निघता येत नसेल तर ती दुहेरी पिशवीत, अन्नापासून दूर, फ्रिजमध्ये ठेवा), पेटीचे समोरून आणि वरून फोटो, ट्यूबच्या खोक्यावरच्या मजकुराचा फोटो, आणि वहीतले आकडे: गरम पृष्ठभाग, थंड बाजू, रात्रीचं तापमान, आठवड्यांची वजनं, शेवटचं कधी खाल्लं, शेवटची विष्ठा कधी झाली. प्रवासात डबा कापडानं झाकून ठेवा आणि निघण्याआधी त्याला खायला घालू नका.

पेटीत काही बदल करत असाल तर एका वेळी एकच करा आणि दोन-तीन दिवस द्या. बल्ब, ट्यूब, तळ आणि किडे एकाच दिवशी बदलले आणि ड्रॅगन खाऊ लागला, तर पुढच्या वेळी तो थांबेल तेव्हा नेमकं काय बिघडलं हे तुम्हाला सांगता येणार नाही.